चुन्याचं घर

ती भिंत मला आजही आठवते. खरं तर ती जमिनीवर ओढलेली चुन्याची नुसती एक रेघ होती आणि मी सरकारी बूट घालून तिच्यातून सरळ आरपार गेलो होतो. सबंध नोकरीत मी कित्येक दारं ठोठावली, दोन-चार तोडलीही. पण भिंतीतून आत शिरल्याबद्दल मला टोकणारी एकच मुलगी भेटली. त्या रेघांवर तिचं ठरलेलं लग्न उभं होतं आणि ते मोडायचं की टिकायचं, हे काही तास माझ्या ठाण्यात अडकून पडलं होतं. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं बुलढाणा जिल्ह्यातच नांदताहेत आणि सुखानं नांदत राहोत.

तेव्हा मी साखरखेर्ड्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी जोरात होती. या दिवसांत सकाळी माणसं शेतात जातात ती दिवस मावळताना परततात. घरांना कुलपं, राखणीला म्हातारी माणसं. चोरांना याहून चांगला हंगाम नाही. आजूबाजूच्या गावांत खिडक्यांचे गज कापून भरदिवसा घरफोड्या झाल्या होत्या आणि आम्ही हात चोळत बसलो होतो. त्यात मोबाइलवर एक निरोप फिरत होता की चोर आदल्या दिवशी येऊन घरावर लाल खूण करून जातात. हा निरोप कुणी लिहिला ते देव जाणे. पण खरी बातमी गावात पोचायला वेळ लागतो, अफवेला एस.टी.ची वाट पाहावी लागत नाही.

एके दिवशी दुपार कलताना एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, लोकायनं एक मानूस धरला. घरावर लाल खूण करून राह्यला होता. लोकं लय तापले हायेत. तुम्ही लवकर या, नाई तं माह्या हातात काही राह्यत नाई."

स्टेशन डायरीला नोंद करायला सांगितली, दोन हवालदार आणि एक महिला अंमलदार बरोबर घेतली आणि निघालो. पोलीस पाटील शहाणा माणूस. त्याने त्या माणसाला ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून कुलूप लावलं होतं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती. बाहेर शेतातून धावत आलेली माणसं, काहींच्या कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. आत तो माणूस भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, अंगानं किरकोळ, सदऱ्याचा खिसा फाटलेला, गालावर माराचे वळ, गळ्यात दुपट्टा. टेबलावर त्याच्याजवळ सापडलेलं यंत्र ठेवलं होतं. मुठीत मावेल एवढं, पिवळं-काळं. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. एक तरुण ठासून सांगत होता की ते पिस्तूल आहे. दुसरा म्हणत होता, घराखालचं गुप्तधन शोधायचं यंत्र आहे.

खूण पाहणारी साक्षीदार म्हणजे एक म्हातारी. ती आपल्या ओट्यावर वाती वळत बसली होती. शेजारच्या घराच्या भिंतीवर तिला एक लाल टिपका सरकताना दिसला.

"मले वाटलं मिरगाचा लाल किडा हाय," ती म्हणाली. "मंग मनात आलं, कार्तिकात मिरगाचा किडा कुठून येईन? पाहाले उठली तं तो माह्या हातावर येऊन बसला. झटकला तं जायेना. तवा मी बोंब मारली."

मी यंत्र उचललं. असलं यंत्र मी ओळखत होतो. मलकापूरकडे महामार्गावर ड्युटी असताना वाहनांचा वेग मोजणारी लेझर बंदूक आम्ही वापरली होती, आणि अपघाताच्या पंचनाम्यात अंतरं घ्यायलाही पुढे असलं छोटं यंत्र आलं होतं. टेप धरायला समोर दुसरा माणूस लागत नाही. बटण दाबलं की लाल किरण निघतो, समोरच्या वस्तूला लागतो आणि परत येतो. त्या जाण्यायेण्यावरून यंत्र मधलं अंतर सांगतं. चोरी त्यात नाही आणि गुप्तधनही नाही.

हे भाषण करून कुणाला पटलं नसतं. मी म्हातारीलाच पुढे बोलावलं, यंत्र तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडे धरून बटण दाबायला लावलं. लाल टिपका भिंतीवर उमटला. तो तिने दारावर नेला, तिथून छतावर, आणि शेवटी मुद्दाम त्या पिस्तूलवाल्या तरुणाच्या पोटावर धरला.

"मर बे आता," ती म्हणाली.

लोक हसले. जमाव एकदा हसला की पोलिसाचं निम्मं काम होतं, हे मी अनुभवानं सांगतो. दोन पंच बोलावून यंत्र जप्त केलं, त्या घराला फेरी मारून मागचं अंगण पाहून घेतलं, त्या माणसाला संशयित म्हणून ताब्यात घेतलं आणि जीपमध्ये बसवलं. पण खरा प्रश्न तसाच होता. यंत्र निरुपद्रवी असलं तरी माणूस कशावरून? वेचणीला गेलेल्या घराच्या मागच्या अंगणात तो करत काय होता?

ठाण्यात त्याला पाणी दिलं, चहा दिला. मी आरडाओरड करून विचारपूस करणाऱ्यांपैकी नाही. ओरडल्यावर माणूस आपल्याला जे हवं तेच सांगतो आणि मग ते खरं समजून आपण फसतो. त्याने नाव-गाव सरळ सांगितलं. चिखलीजवळच्या एका खेड्यातला, चिखलीत सरकत्या खिडक्या बसवायचं काम करणारा मिस्त्री. यंत्र त्याचं स्वतःचं, खिडक्यांचं माप घ्यायचं.

"त्या घरानं खिडक्या बसवायला बोलावलं होतं?"

"नाई."

"मग तिथं काय करत होतास?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "घर पाहून राह्यलो होतो, साहेब."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. आमच्या धंद्यात या शब्दांचा एकच अर्थ होतो. चोरी करण्याआधी चोर घर पाहतो. कोण कधी बाहेर जातं, कुत्रं आहे का, मागचं दार कसं आहे. वर हा खिडक्यांचा मिस्त्री, आणि घरफोड्या खिडक्यांतून झालेल्या. एवढं सोपं प्रकरण माझ्या टेबलावर फार दिवसांत आलं नव्हतं.

"कुणासाठी पाहत होतास? टोळीत आणखी कोण आहे?"

"टोई नाई साहेब. मी एकटाच हाव."

यापलीकडे तो काही बोलेना. घरच्यांना ताब्यात घेतल्याची खबर देणं आमच्यावर बंधनकारक असतं. ती द्यायची म्हटल्यावर मात्र तो पहिल्यांदा घाबरला. "घरी नका सांगू. मले आत टाका, पण घरी नका सांगू." गावकऱ्यांचा मार खाताना न रडलेला माणूस हे म्हणताना रडायच्या बेताला आला. मला ते विचित्र वाटलं.

महिला अंमलदार ही माझ्या ठाण्यातली हुशार मुलगी. ती कोपऱ्यात बसून यंत्राची बटणं दाबत होती. आधी घेतलेली मापं त्यात साठून राहतात.

"सर, खिडकीचं माप जोडीनं असतं ना? रुंदी अन् उंची," ती म्हणाली. "ह्यात जोडीच लागत नाही. सगळी एकेकटी मापं आहेत, अन् खिडकीपेक्षा कितीतरी मोठी."

म्हणजे तो खिडक्या मोजत नव्हता. मग काय मोजत होता? मी हे विचारणार तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. मी फोन त्याच्यासमोर सरकवला आणि आवाज मोठा ठेवला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, मोकळा आणि घाईचा.

"बाबा, मागच्या दाराचं माप भेटलं का?"

आमच्या तिघांचेही कान टवकारले.

"भेटलं माय," तो म्हणाला. "थोडं राह्यलं. उद्या येतो. तू जेवून घे."

"न्हानीपासून दारापर्यंतचं नका इसरू. तेच महत्त्वाचं हाय."

फोन बंद झाला. हवालदार मिशीत हसला. बाप आणि मुलगी मिळून घरं फोडतात, असं प्रकरण त्याने सेवेत पाहिलं नव्हतं आणि मीही नव्हतं. मिस्त्रीने मात्र दुपट्टा तोंडाला लावला आणि तो भिंतीकडे वळून बसला. मागवलेलं जेवण त्याने तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घराची झडती घ्यायला निघालो. बरोबर हवालदार आणि महिला अंमलदार. गावाबाहेर त्याचं छोटं घर, बाजूला जुनं खळं. मळणी आता यंत्रावर होते, त्यामुळे खळं रिकामंच. सारवून साफ केलेल्या त्या जागेवर पांढऱ्या चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. मला आधी वाटलं पोरांनी कबड्डीचं मैदान आखलंय. मी त्यातून चालत सरळ घराकडे निघालो.

"कोण हाय?"

एक मुलगी हातात पाण्याची गुंडी घेऊन रेघांच्या मधोमध उभी होती. विशी-बाविशीची, डोळ्याला जाड चष्मा. तोंड माझ्याकडे होतं, पण नजर माझ्यावर नव्हती.

"पोलीस," मी म्हणालो.

"बरं. पन तुम्ही भिंतीतून आले," ती म्हणाली. "दार तिकडं हाय."

मी खाली पाहिलं. माझ्या बुटाने चुन्याची एक लांब रेघ पुसली गेली होती. दोन हात पलीकडे तीच रेघ तुटत होती आणि त्या फटीत एक लाकडी फळी आडवी ठेवली होती. तो उंबरठा होता. त्याच्या पुढे अंगण, अंगणाच्या कडेला वीट रचून केलेला ओटा, एका कोपऱ्यात चार विटांची न्हाणी, त्याच्या मागे आणखी एक फट. मागचं दार. माझ्यासमोर एक अख्खं घर जमिनीवर झोपलेलं होतं आणि ते मी कालच पाहिलं होतं. म्हातारीच्या शेजारचं घर.

मी काय केलं असेल? मी मागे फिरलो, वळसा घातला आणि फळी ओलांडून दारातून आत आलो. माझा हवालदारही निमूट माझ्या मागून आला. झडतीचा कागद मी खिशातून काढलाच नाही.

मुलीने गुंडी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. तिला घाबरायला वेळच नव्हता. बाप कुठे आहे एवढंच तिला हवं होतं. तो सुखरूप आहे म्हटल्यावर ती ओट्याच्या विटांवर बसली.

"मले समोरचं दिसते साहेब, नळीतून पाह्यल्यावानी. बाजूचं नाई दिसत. दिवस मावळला का समोरचंही जाते. डॉक्टर म्हनते हळूहळू अजून कमी होईन. त्यायले मी साक्षगंधाच्या आंधीच सांगितलं."

त्यायले म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं. मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मला चालतं. पण त्याच्या आईला एवढंच माहीत होतं की मुलीला चष्मा आहे. बाप नाही, आईने एकटीने शेत सांभाळून वाढवलेला मुलगा. आईला सांगायची त्याची छाती होईना. आज सांगतो, उद्या सांगतो, असं चाललं होतं.

"मंग मी ठरवलं, त्यायच्या घरात मले न धडकता वावरता आलं पाह्यजे. कोनी म्हनू नये का सून आंधळी आनली. म्हनून हे घर आखलं. पहिले त्यायलाच मापं इचारली. ते म्हनले, अंगन असंन दहा पावलं. पन त्यायचे पाय लांब, माह्ये आखूड." ती हसली. "दोनदा न्हानीत पडली मी. मंग बाबा म्हनले, मी जाऊन बरोबर माप आनतो."

"पण तुझे बाबा तर तिथले व्याही. दारात जाऊन सांगायचं, मोजू द्या म्हणून."

"काऊन मोजता इचारलं तं काय सांगतीन?"

घर पाहायच्या दिवशी चार वडीलधाऱ्यांबरोबर मिस्त्री त्या घरी गेला होता. मुलीच्या बापाने बैठकीत बसायचं, चहा घ्यायचा, मान डोलवायची आणि निघायचं. न्हाणी कुठे, मागचं दार कुठे, हे कोण बाप विचारतो? मुलीचा संसार चालतो मागच्या दाराशी आणि बापाला दाखवतात बैठक. म्हणून हा माणूस सगळे शेतात असताना एकटा गेला आणि उरलेलं घर पाहू लागला. यंत्राचा टिपका कडक उन्हात दिसत नाही, म्हणून त्याने सावली पडायची वाट पाहिली आणि त्या सावलीतच म्हातारीला तो दिसला.

आदल्या दिवशी तो माझ्याशी एकही शब्द खोटा बोलला नव्हता. मुलीचा बाप घर पाहतो आणि चोरही घर पाहतो. मी आयुष्यभर चोरांत वावरलेलो, मला एकच अर्थ ऐकू आला.

आम्ही जीपमध्ये बसून परत निघालो. महिला अंमलदार खिडकीबाहेर तोंड करून डोळे पुसत होती. हवालदाराने मात्र बोलून दाखवलं. "साहेब, पोरगी गुणाची हाय. पन सासूले फसवून राह्यले, हेही खरं." मलाही तेच खात होतं. गुन्हा कसलाच नव्हता. पण लपवलेली गोष्ट घरात किती दिवस टिकते आणि फुटली की काय काय फोडते, हे पोलिसाइतकं कोण पाहतं? तरीही ती गोष्ट सांगायचा अधिकार माझा नव्हता.

ठाण्यात पोचलो तर बाहेरच्या बाकावर पोलीस पाटील बसलेला आणि त्याच्याशेजारी एक बाई. उंच, उन्हानं रापलेली, पदर खोचलेला. ज्या घरावर 'खूण' झाली त्या घराची मालकीण जबाब द्यायला आली होती. म्हणजे विहीणबाई. आणि तिचा व्याही माझ्या मागच्या खोलीत चोर म्हणून बसला होता. साक्षगंध मुलीकडे घरच्यांतच झालेलं, म्हणून आदल्या दिवशी पकडणाऱ्यांपैकी कुणी त्याला ओळखत नव्हतं, आणि ही तेव्हा शेतात होती.

मी आत जाऊन दार लोटलं. "मी तुमच्या घरी जाऊन आलो," मिस्त्रीला म्हणालो. काल मी त्याला अरे-तुरे करत होतो. आज ते जमेना. "पोरीला भेटलो. तुमच्यावर काही गुन्हा नाही. पण विहीणबाई बाहेर बसल्या आहेत. म्हणत असाल तर मागच्या दाराने घालवतो. त्यांना कळणार नाही."

तो उठून उभा राहिला. फाटका खिसा त्याने हाताने नीट केला. मला वाटलं, तो मागच्या दाराकडे वळेल. मी असतो तर वळलो असतो.

"नाई साहेब," तो म्हणाला. "लय झालं मागच्या दारानं. पुढूनच जातो."

विहीणबाईंनी त्याला पाहिलं आणि त्या चटकन पदर सावरत उठल्या. "व्याही? तुम्ही इथं काऊन?"

"तुमच्या घरावर लाल टिपका मारनारा मीच होतो," तो म्हणाला आणि मग एका दमात त्याने सगळं सांगून टाकलं. मुलीचे डोळे, डॉक्टरांचं म्हणणं, खळ्यातल्या रेघा. हात जोडले नाहीत, रडला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "पोरगी सांगनारच होती. मीच म्हनलो, पहिले वावरता येऊ दे."

विहीणबाई बाकावर बसल्या. महिला अंमलदाराने पाण्याचा ग्लास दिला, तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला.

"माह्या पोराले माहीत होतं?"

"हाव."

"पोराले माहीत, तुम्हाले माहीत, आता पोलिसायलेही माहीत. घर माह्यं, अन् मलेच नाई माहीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "मी एवढी वाईट बाई हाव का हो, का मले सांगाची भीती वाटावी?"

पोलीस पाटील छताकडे पाहू लागला. मी पुष्कळ तुटलेली लग्नं ठाण्यात पाहिली आहेत; ती अशाच शांततेत तुटतात. मला त्या क्षणी आपण पोलीस आहोत याचा काही उपयोग वाटेना.

विहीणबाईंनी ग्लास खाली ठेवला. "चला," त्या म्हणाल्या. "मले पाहू द्या ते."

स्टेशन डायरीला काय लिहावं ते मला सुचलं नाही. 'चौकशीकामी रवाना' एवढं लिहिलं आणि आम्ही पुन्हा निघालो.

मुलगी खळ्यातच होती. सकाळी मी पुसलेली भिंत तिने पुन्हा आखली होती. विहीणबाई जीपमधून उतरल्या, रेघांच्या कडेने हळूहळू चालत गेल्या आणि त्या फळीपाशी थांबल्या. अंगणाकडे, ओट्याकडे, न्हाणीकडे पाहत राहिल्या. आपलंच घर माणूस असं बाहेरून किती वेळा पाहतं? मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या, फळीबाहेर जोडीने ठेवल्या आणि उंबरठा ओलांडून आत गेल्या.

माझ्या मागे महिला अंमलदाराने नाक ओढलं. मीही दुसरीकडे पाहिलं.

"कोन हाय?" मुलीने विचारलं.

"मी हाव माय."

आवाज ओळखून मुलीने ओढणी डोक्यावर घेतली, ओटा टाळून सरळ चालत आली आणि वाकून पाया पडली. विहीणबाईंनी आशीर्वाद दिला नाही की जवळही घेतलं नाही. त्या पुढे गेल्या आणि चुन्याच्या घरात खोली-खोली हिंडल्या. सैपाकघराच्या चौकोनात उभ्या राहिल्या.

"चूल इथं कोनं सांगितली?"

"त्यायनं," मुलगी हळूच म्हणाली.

"त्याले काय माहीत? तो सैपाकघरात जेवाले येते फक्त. दिवाईच्या आंधीच मी हलवली चूल." त्यांनी पायाने ती रेघ पुसली, घमेल्यातला मूठभर चुना घेतला आणि पलीकडच्या भिंतीशी नवा चौकोन काढला. "अन् रांजन इकडं. पानी घ्याले डाव्या हातानं वळाचं. अन् हे दार इतकं रुंद नाई, पायलीभर दाणे घेऊन आडवं व्हा लागते."

मुलगी त्यांच्या मागे मागे फिरत होती, ओठांतल्या ओठांत पाठ करत. विहीणबाई एकदम थांबल्या.

"माप घेऊन काय करतं वं?" त्या म्हणाल्या. "मले सवय हाय सामान हलवाची. आज बाज इथं, उद्या तिथं. एकटी बाई, मन लागत नाई, तं सामानच हलवत बसते मी. तुह्यं माप रोज चुकंन."

त्यांनी चुन्याने भरलेला हात मुलीच्या डोक्यावर ठेवला.

"आता नाई हलवत," त्या म्हणाल्या. आणि व्याह्याकडे वळून, "पन तुम्ही लपवलं ते वाईट केलं. ते मी इसरनार नाई."

"नका इसरू," मिस्त्री म्हणाला आणि तेव्हा कुठे रडला.

प्रकरणाचा शेवट कागदावर फार साधा झाला. गुन्हा निष्पन्न नाही. यंत्र सुपूर्दनाम्यावर मूळ मालकास परत. गावाला काय सांगायचं हा प्रश्न पोलीस पाटलाने परस्पर सोडवला. व्याही खिडक्यांचं माप घ्यायला आले होते, लोकांनी ओळखलं नाही, असं त्याने पारावर सांगितलं. ते कानावर येताच विहीणबाईंनी मिस्त्रीला निरोप धाडला की गावात आता सांगितलंच आहे तर खिडक्या बसवून द्या. त्याने दिल्या. खऱ्या घरफोड्या करणारे पुढे दुसरीकडे सापडले. त्यांच्याजवळ लेझर-बिझर काही नव्हतं, एक गज कापायची करवत होती.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मोठं काही सांगता येत नाही. संशय घेणं हे पोलिसाचं काम आहे आणि ते मी निवृत्तीच्या दिवसापर्यंत केलं. पण त्यानंतर एखाद्या आरोपीने तोंडातून शब्द काढला की मी थांबून विचारायचो, म्हणजे काय? हा शब्द तुझ्या घरी कसा वापरतात? पुष्कळदा उत्तर तेच निघायचं, चोराचं. कधी कधी मात्र दुसरं निघायचं.

निवृत्तीनंतर एका लग्नाच्या निमित्ताने त्या बाजूला गेलो होतो. वाटेत ते घर लागलं. पोलीस पाटील बरोबर होता. त्याने आत नेलंच. नवीन खिडक्या होत्या. शेजारच्या ओट्यावर म्हातारी अजून वाती वळत होती आणि तिने मला पाहून "मिरगाचा किडा आला" म्हणून हाक मारली. सून चहा घेऊन आली. सैपाकघरातून निघाली, दारात किंचित आडवी झाली, पाच जणांमधून बरोबर माझ्यासमोर येऊन ट्रे धरला. दिसणं आता बरंच कमी झालंय, असं तिने आपणहून सांगितलं, आज ऊन फार आहे म्हणावं तसं.

गप्पा झाल्या. मी निघायला उठलो तेव्हा खुर्ची सवयीने मागे सारली गेली आणि तिरकी राहिली. विहीणबाई पोलीस पाटलाशी यंदाच्या कापसाबद्दल बोलत होत्या. बोलणं न तोडता त्या उठल्या, माझी खुर्ची भिंतीशी नेली, तिचा पाय फरशीच्या सांध्याला लावला आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या. कुणाचं लक्षही नव्हतं. तेवढ्यात सून रिकामे कप न्यायला आली आणि एका क्षणापूर्वी जिथे माझी खुर्ची होती, तिथूनच सरळ चालत गेली.